बर्फ पडायच्या आत लाकूड कसं रचावं? (व्हरमाँट, पण कोकणातल्यांनीही सांगा)

उत्तरवाट | ७ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. धागा घाईतच काढतेय, कारण हातात सहा-सात आठवडेच आहेत.

दीड वर्षापूर्वी आम्ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एका खेड्यात घर घेतलं. घर जुनं, बैठकीच्या खोलीत बिडाचा लाकडी स्टोव्ह आणि मागे गुरांचा रिकामा गोठा, इथे बार्न म्हणतात तो. पहिला हिवाळा प्रोपेन गॅसवर काढला. यंदा लाकडावर काढायचा असं ठरवून ऑगस्टच्या मध्यावर चार कॉर्ड (इथलं जळाऊ लाकडाचं माप) लाकूड मागवलं. विकणाऱ्याने 'सीझन्ड' आहे, म्हणजे वाळलेलं आहे, असं सांगून दिलं. ट्रक आला आणि अंगणात ढीग ओतून गेला. मी आणि नवऱ्याने दोन शनिवार-रविवार खपून तो बार्नच्या उत्तरेच्या भिंतीला लावून रचला. सहा फूट उंच, पंचेचाळीस फूट लांब, एकच ओळ, थेट जमिनीवर. तुकडे सोळा इंचांचे.

माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. पावसाच्या आत लाकूडफाटा झाकायचा, त्याला थेंब लागू द्यायचा नाही, हे लहानपणापासून मनात पक्कं बसलेलं. म्हणून मोठी निळी ताडपत्री आणली, सगळी रास वरपासून खालपर्यंत गुंडाळली आणि कडेला दगड ठेवले. काल एक कोपरा उचलला तर ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब लोंबत होते. खालच्या दोन थरांवर पांढरी बुरशी आणि कुबट वास. दोन आठवड्यांची मेहनत होती, फार वाईट वाटलं.

ओलावा मोजायचं यंत्र आणलं. तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला १९ दाखवतंय. तोच तुकडा फोडून आत टोचलं तर ३४.

तर माझे प्रश्न असे: हे लाकूड यंदा जाळता येईल का? आत्ता नेमकं काय करू? आणि झाकायचं की नाही झाकायचं?

मेपलपान | ७ सप्टेंबर

उत्तरवाट, मी शेजारच्या न्यू हॅम्पशरमध्ये. हा एकोणिसावा हिवाळा लाकडावर. आधी सगळ्यात तातडीचं: ताडपत्री आजच काढा. सगळी. पाऊस आला तरी चालेल.

पावसाचं पाणी लाकडाच्या वरवर बसतं आणि दोन दिवसांच्या वाऱ्याने जातं. तुम्हाला घालवायचंय ते झाडाच्या अंगातलं पाणी. मेपलचं एक कॉर्ड ओलं असताना आणि वाळल्यावर तोललं तर साडेचारशे किलोंच्या आसपास फरक पडतो. ओक असेल तर सहाशे. एवढं पाणी तुम्ही ताडपत्रीत कोंडलंत. दिवसा उबेने ते बाहेर निघतं, रात्री गारठ्याने ताडपत्रीला लागून पुन्हा लाकडावर ठिबकतं.

दुसरं, ती भिंत सोडा. उत्तरेच्या भिंतीला ऊन नाही, आणि भिंतीला चिकटून रचल्यामुळे मागून वारा नाही. पाणी लाकडाच्या कापलेल्या तोंडांतून सगळ्यात जास्त जातं, कारण झाडाच्या नळ्या लांबीला असतात. तुमच्या राशीचं एक तोंड भिंतीने बंद, दुसरं ताडपत्रीने. शिवाय घराच्या किंवा बार्नच्या लाकडी भिंतीला टेकलेली रास म्हणजे मुंग्या आणि उंदरांना थेट रस्ता.

मोकळ्या जागी, जिथे पश्चिमेचा वारा लागतो आणि दुपारचं ऊन येतं, तिथे पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) मांडा. त्यावर एकेरी ओळी. दोन ओळींत किमान हातभर अंतर. उंची चार फूट, फार तर साडेचार. सहा फुटी रास थंडीत जमीन फुगली की कलते, आणि कलली की अंगावर येते. दोन्ही टोकांना आडवा-उभा, आडवा-उभा असे थर देऊन खांब उभे करा, म्हणजे मधली ओळ घसरत नाही. खांबांसाठी सरळ आणि चपटे तुकडे बाजूला काढून ठेवा. गोल तुकड्यांचा खांब टिकत नाही.

नोव्हेंबर लागला की फक्त डोक्यावर झाकण. बाजू उघड्या.

आणि एक, तुम्ही दिलेल्या मापावरून हिशोब केला. ६ गुणिले ४५ गुणिले सोळा इंच, म्हणजे ३६० घनफूट. कॉर्ड १२८ घनफुटांचं (४ × ४ × ८ फूट, नीट रचलेलं). तुमच्याकडे चार नाही, पावणेतीनच्या थोडं वर आहे.

उत्तरवाट | ७ सप्टेंबर

ताडपत्री काढली. मापाचं वाचून धक्काच बसला. चार कॉर्डचे पैसे दिलेत.

मेपलपान | ८ सप्टेंबर

लबाडीच असेल असं नाही. पुष्कळ जण ट्रकचा हौदा मोजतात आणि त्यात सैल टाकलेलं लाकूड तेवढंच धरतात. सैल लाकडात पोकळी जास्त असते. मेन राज्याच्या कायद्यात हे स्वच्छ लिहिलंय: बारा किंवा सोळा इंची तुकडे सैल टाकलेले असतील तर कॉर्ड १८० घनफुटांचं धरायचं. तुमचा हिशोब त्याच्याशी जुळतो. हौद्यात ५१२ घनफूट सैल भरलं असेल तर रचल्यावर ते ३६४ च्या आसपास भरतं. फोन करा, शांतपणे माप सांगा, राशीचा फोटो पाठवा. नाहीच ऐकलं तर राज्याच्या वजनमापं खात्याकडे तक्रार करता येते. पण जाळायच्या आधी. जळलेलं लाकूड कुणी मोजत नाही.

मागीलदार | ८ सप्टेंबर

उत्तरवाट ताई, तुम्ही राजापूरकडच्या म्हटल्यावर लिहायला बसलो. मी कुडाळकडचा. घरी गॅस आहे, पण न्हाणीतली पाणचूल आणि मागच्या पडवीतली चूल अजून रोज पेटते.

तुम्ही आजीचं जे बघितलंत ते बरोबरच होतं. मात्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे ते शेवटचं काम. त्याच्या आधीचे दोन महिने आठवून बघा. आमच्याकडे लाकूड तोडतात पौष-माघात. शिमगा झाला की फोडायला सुरुवात. फोडलेली फाटी चैत्र आणि अख्खा वैशाख खळ्यात, नाहीतर कातळावर उन्हात पडलेली असतात. पोरं येता-जाता ती पायाने उलथवतात. वाळली की वजनाला कापसासारखी होतात, एकमेकांवर मारली की टणटणीत वाजतात. मग रोहिणी नक्षत्र निघायच्या आत ती मांगरात, म्हणजे लाकडं-गुरं ठेवायच्या खोपीत, जातात. झाकतात ती तेव्हा. आजीने वाळलेलं लाकूड झाकलं होतं, तुम्ही ओलं झाकलंत. तुमच्या हातून झालं ते एवढंच.

आणि आमचं झाकणं वेगळं का, तेही सांगतो. इथे चार महिने हवाच ओली असते. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तशा हवेत लाकूड बाहेर ठेवून वाळेल कसं? उलट वाळलेलं लाकूडही ओल ओढून घेतं. म्हणून ते छपराखाली, चुलीच्या जवळ, आणि रोजच्या वापराचं थेट चुलीवरच्या माळ्यावर, धुरात. तुमच्याकडे पाऊस पडला तरी दुसऱ्या दिवशी कोरडा वारा सुटत असणार. तिथे वाऱ्याला मोकळं सोडावं हे माझ्यासारख्याला ऐकूनही पटतं.

रचायची आमची पद्धत: खाली जांभ्याचे चिरे, त्यावर दोन लांब वासे आडवे, त्यावर फाटी. जमिनीला काही टेकू द्यायचं नाही, नाहीतर वाळवी धरते. भिंतीपासून वीतभर लांब. जाड लाकूड खाली आणि मागे, बारीक पुढे. काटक्या, चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या), करवंट्या, सोडणं (नारळाची सालं) यांची जागा वेगळी. सोडणं न्हाणीच्या चुलीला, पाणी तापवायला. लाकूड काढताना आधी काठीने हलवायचं आणि मगच हात घालायचा, कारण फुरसं लाकडाच्या राशीत हमखास असतं. माझ्या चुलत्याला असंच चावलं होतं. वाचले, पण बोट गेलं. तुमच्याकडे साप नसतील, तरी हातमोजे घाला.

उत्तरवाट | ८ सप्टेंबर

मागीलदार काका, तुमचं वाचताना अंगावर काटा आला. खळ्यात पसरलेली ती फाटी मी चक्क विसरून गेले होते. आम्ही त्यांच्यावरून उड्या मारायचो, आणि कुणाच्या तरी पायाला कुसळ लागायचंच. आठवणीत राहिला तो फक्त पहिला पाऊस आणि पडवीतली झाकलेली रास.

इसारकाठ | ९ सप्टेंबर

म्युनिकच्या दक्षिणेला एका गावात राहतो. इथे बायर्नमध्ये (बव्हेरियात) घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लाकडाची रास असतेच, पण रुंद वळचणीखाली आणि भिंतीपासून चार बोटं सुटी. इतकी सुबक रचतात की बघत राहावं.

ओलाव्याच्या आकड्याबद्दल थोडं लिहितो, कारण इथे खूप जणांचा घोटाळा होतो. बाजारातलं टोचायचं यंत्र जो आकडा दाखवतं तो कोरड्या लाकडाच्या तुलनेत असतो. म्हणजे १०० किलो पूर्ण कोरडं लाकूड आणि त्यात २५ किलो पाणी, तर यंत्र २५ दाखवणार. एकूण वजनाशी ताडून बघितलं तर तेच पाणी २० टक्के. जर्मनीच्या नियमात २५ ची मर्यादा आहे ती पहिल्या हिशोबाने, आणि लोक '२० टक्क्यांखाली हवं' म्हणतात ते दुसऱ्या हिशोबाने. दोन्ही एकच. तेव्हा तुमचा ३४ म्हणजे एकूण वजनाचा पाव हिस्सा पाणी. वाईट आहे, पण तुम्हाला वाटतंय तितकं हाताबाहेर गेलेलं नाही.

मोजायची रीतही महत्त्वाची. तुकडा तिथल्या तिथे फोडायचा, ताज्या अंगावर मधोमध टोचायचं. गोठलेल्या लाकडावरचा आकडा धरू नका, तो फसवा असतो. आधी एक दिवस घरात ठेवा.

इथलं मापही वेगळं आहे. रचलेलं एक घनमीटर म्हणजे एक श्टेर. सैल ओतलेलं घनमीटर स्वस्त दिसतं, पण त्यात लाकूड कमी असतं. विकत घेताना कुठलं माप ते आधी विचारायचं, हे पहिल्याच वर्षी शिकलो.

ठिणगी | ९ सप्टेंबर

ओंटारियोमधून. भट्ट्यांचंच काम करतो, म्हणून उष्णतेचा हिशोब मांडतो.

ओल्या लाकडातली उष्णता पाणी उकळण्यात वाया जाते असं सगळे म्हणतात. तेवढंच कारण असतं तर फार बिघडलं नसतं. तुमचं १० किलो लाकूड घेऊ: त्यात अडीच किलो पाणी, साडेसात किलो कोरडं लाकूड. एक किलो थंड पाण्याची वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे अडीच किलोंना साडेसहा. कोरडं लाकूड किलोला १८ ते १९ मेगाज्यूल देतं, म्हणजे एकूण १४० च्या आसपास. नुकसान पाच टक्के.

खरं नुकसान पुढे आहे. लाकूड तापलं की आधी त्यातून धूर निघतो, आणि लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्या धुरात असते. तो धूर पेटायला स्टोव्हच्या आत ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. आत पाणी असेल तर ते निघून जाईपर्यंत आतलं तापमान वर चढतच नाही. धूर न जळता वर जातो, धुराड्याच्या थंड भागाला लागून तिथे काळं, चिकट डांबर होऊन बसतं. इथे त्याला क्रिओसोट म्हणतात. पुढे कधीतरी चांगली आच लागली की ते डांबरच पेटतं. धुराड्याची आग मी एकदा जवळून पाहिली आहे. आवाज विमानासारखा येतो. त्या घराच्या छताखालचे वासे आतून कोळसा झाले होते, बाहेरून काही कळत नव्हतं.

म्हणून कृपया स्टोव्ह पेटवायच्या आधी धुराडं तपासून घ्या. वर्षातून एकदा तर हवंच, आणि यंदा तुमचं लाकूड असं आहे म्हटल्यावर जानेवारीत पुन्हा एकदा.

पाऊलखूण | १० सप्टेंबर

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. थोडं अवांतर: आम्ही न्यू जर्सीत. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅकला तंबू ठोकायला जाणार आहोत. घरामागे अ‍ॅशचं झाड पडलंय, त्याची लाकडं गाडीत टाकून नेली तर चालेल का?

मेपलपान | १० सप्टेंबर

नाही. कृपया नेऊ नका. अ‍ॅश बहुतेक एमरल्ड अ‍ॅश बोररने मेलं असेल. हा हिरवा चकचकीत किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि तिथून अर्ध्या अमेरिकेत पसरला. स्वतः तो फार लांब उडत नाही. लांबचा प्रवास त्याने जळाऊ लाकडातूनच केला. अळ्या सालीखाली असतात, वरून काही दिसत नाही. न्यूयॉर्क राज्यात उष्णतेची प्रक्रिया न केलेलं लाकूड ५० मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे. तंबूच्या जागेजवळच मोळी विकत घ्या. पाच-सात डॉलर वाचवण्यासाठी एखाद्या डोंगरावरची सगळी अ‍ॅश मरावीत, असं कुणाच्याच हातून होऊ नये.

माझ्या घरासमोर तीन मोठी अ‍ॅश होती. तिन्ही गेली. त्यांचंच लाकूड जाळतोय सध्या, आणि दर वेळी जिवाला लागतं.

पाऊलखूण | १० सप्टेंबर

हे अजिबात माहीत नव्हतं. नाही नेणार.

मेपलपान | ११ सप्टेंबर

उत्तरवाट, हलवताना लाकूड जातीनुसार वेगळं करा. यंदाचा हिवाळा त्यावरच निभावेल.

पांढरी, कागदासारखी सुटणारी साल म्हणजे बर्च. ही साल पाणी सोडत नाही, म्हणून न फोडलेला गोल बर्च आतून कुजतो. जे गोल असतील ते आधी फोडा. सरळ, गुळगुळीत फुटलेलं, फिकट रंगाचं ते अ‍ॅश. मुळातच त्यात पाणी कमी असतं, सगळ्यात आधी वाळतं. यंदा तेच तुमचं मुख्य जळण. लालसर, फोडल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं ते रेड ओक. त्याला दोन उन्हाळे लागतात. ते एकदम मागच्या ओळीत टाका आणि यंदा विसरून जा. उरलेलं बहुधा मेपल.

अ‍ॅश आणि मेपल पुन्हा फोडा, मनगटाएवढं जाड. आत्ता वाऱ्याचे सहा आठवडे आहेत. जाड तुकड्याला ते पुरणार नाहीत, बारीक तुकड्याला बराच फरक पडेल.

इसारकाठ | ११ सप्टेंबर

साल वर की खाली? आमच्या गावात यावरून दोन तट आहेत.

मेपलपान | ११ सप्टेंबर

माझ्या अनुभवात फक्त सगळ्यात वरच्या थराला फरक पडतो. तिथे साल वर, कौलासारखी. खालच्या थरांत तुकडा जसा बसेल तसा.

मागीलदार | ११ सप्टेंबर

झाकणाला पत्रा वापरा, ताडपत्री नको. एका बाजूला उतार द्या आणि पत्रा दोन्हीकडून हातभर पुढे येऊ दे, म्हणजे पावळी (कडेवरून गळणारं पाणी) राशीवर पडणार नाही. पत्रा थेट लाकडावर टेकवू नका. मध्ये दोन आडव्या काठ्या घाला, वारा जाईल. वर चिरे ठेवा.

लाकडाच्या जातींचं वाचून आमचं आठवलं. ऐन आणि किंजळ यांचा निखारा रात्रभर राहतो, सकाळी राख बाजूला केली की विस्तव तयार. आंबा भरभर जळतो. आता ऐन-किंजळ मिळत नाही, आणि तोडूही नये. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने स्वतःच्या जागेतला ऐन, किंजळ, आंबा, फणस तोडायलाही परवानगी लागते. आम्ही आता बहुतेक आकेशिया आणि वाऱ्याने पडलेलं काजूचं लाकूड जाळतो.

उत्तरवाट | ३ नोव्हेंबर

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. हे सगळं केलं. एकटीने नाही, शेजारचे ऐंशीच्या घरातले आजोबा स्वतःचा लाकूड फोडायचा हातोडा घेऊन आले. रोज संध्याकाळी तासभर मी, नवरा आणि ते. त्यांना मराठी येत नाही आणि मागीलदार काकांना इंग्रजी लिहायचा कंटाळा असेल, पण दोघांनी मला सांगितलेली वाक्यं जवळजवळ एकच: वाजवून बघ. वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर मारले की खणखणतात, ओले मारले की दबका आवाज येतो. आता हातात घेतल्यावरच कळायला लागलंय.

पाच एकेरी ओळी झाल्या. चार उताराच्या वरच्या बाजूला, वाऱ्यात. पाचवी ओकची, लांब. बुरशी आलेले तुकडे उन्हात वेगळे पसरले होते. बुरशी वरवरचीच होती, वाळून गेली. ओंजळभर मऊ पडलेले तुकडे मात्र फेकले. बार्नचे जुने पत्रे सापडले, तेच वर टाकले, काकांनी सांगितलेल्या उताराने.

आजचे आकडे, यंत्रावरचे: अ‍ॅश २३. मेपल २७. ओक ३६, तो तसाच आहे.

विकणाऱ्याला माप सांगितलं. त्याने वाद घातला नाही, आणखी एक कॉर्ड आणून टाकलं. ते ओलं आहे हे या वेळी त्याने स्वतःच सांगितलं. ते पुढच्या वर्षासाठी.

एक शंका. बार्नच्या तळघरात जागा आहे. मेपल तिथे आणून ठेवू का?

ठिणगी | ३ नोव्हेंबर

नको. कॉर्डभर मेपलमध्ये अजून शेकडो किलो पाणी आहे. ते तळघराच्या हवेत जाईल आणि वरच्या तुळयांना बुरशी लागेल. रास बाहेरच राहू दे. आठवड्याभराचं लाकूड ओसरीवर आणि दोन दिवसांचं स्टोव्हच्या खोलीत, एवढंच. खोलीतलं स्टोव्हपासून किमान ३६ इंच लांब. हिवाळ्यात घरातली हवा फार कोरडी असते, तिथे बारीक तुकडे आठवड्यातही बरेच सुधारतात.

मेपलबरोबर दाबलेल्या भुशाच्या विटा मिसळा. त्या जवळजवळ कोरड्या असतात. एक वीट आणि दोन तुकडे असं प्रमाण ठेवलंत तर आच चांगली चढेल. आणि रात्री हवेची झडप बंद करून धुमसत ठेवू नका, लाकूड असं असताना तर मुळीच नाही. आग लहान असली तरी चालेल, पण ती ज्वाळेने जळली पाहिजे.

उत्तरवाट | १९ जानेवारी

काल रात्री उणे २६. स्टोव्ह दिवसरात्र चालू आहे.

परवा धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं, ठिणगी यांनी सांगितलं होतं म्हणून. त्याने आरसा आणि दिवा लावून मला दाखवलं. वरच्या दोन फुटांत तपकिरी, ठिसूळ पापुद्रे होते, चिकट डांबर नव्हतं. ब्रशने निघाले. तो म्हणाला, पहिल्या वर्षीच्या मानाने बरं आहे. मी खुर्चीतच बसून राहिले थोडा वेळ. सप्टेंबरमध्ये मी ते लाकूड ताडपत्रीखालून काढून तसंच जाळलं असतं. वरच्या खोलीत मुलगी झोपते.

अ‍ॅश संपत आलंय. मेपल घरात आठ दिवस ठेवल्यावर २१ दाखवतं. विटा महाग पडल्या, पण उपयोग झाला. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, बाहेर दगडावर ठेवते. चार दिवसांनीही तिच्यात निखारा सापडला एकदा.

बर्फाचं एक लिहायचं राहिलं. ओळींमधलं हातभर अंतर वाऱ्यासाठी बरोबर होतं, पण बर्फात तिथून फावडं फिरत नाही. पुढच्या वर्षी एका बाजूला चालायला नीट वाट ठेवणार.

मेपलपान | २० जानेवारी

हो, घराकडच्या बाजूला चार फूट ठेवा. आणि मागची ओळ आधी वापरायची असेल तर तिच्याकडे जायचा रस्ता आत्ताच ठरवा.

गोठलेलं लाकूड फार छान फुटतं. नवीन कॉर्डमधले जाड ओंडके या महिन्यातच फोडून टाका, एका घावात दोन होतील.

उत्तरवाट | २६ एप्रिल

हिवाळा संपला. शेवटचा स्टोव्ह १४ तारखेला पेटवला. पुढच्या हिवाळ्यासाठी ओकची ओळ शिल्लक आहे आणि फोडलेलं एक कॉर्ड.

त्याच्याही पुढच्या हिवाळ्यासाठी तीन कॉर्ड आत्ताच सांगून ठेवलीत, ओलीच, आणि रचलेल्या मापाने. पण ट्रक अजून येऊ शकत नाही. बर्फ वितळून आमचा मातीचा रस्ता चिखल झालाय आणि गावाने जड वाहनांना बंदी केली आहे. मे उजाडून रस्ता सुकला की बंदी उठेल. शेजारच्या आजोबांनी त्यांच्याकडचे अकरा पॅलेट दिलेत, ते आज वरच्या उतारावर मांडले. दोन ओळींच्या मध्ये या वेळी चार फूट.

मागीलदार काका, तुमचं लाकूड मांगरात गेलं का?

मागीलदार | २७ एप्रिल

नाही अजून. अर्धं खळ्यात आहे. परवा अवकाळी शिंतडला, सगळं भिजलं, पण दुपारी ऊन पडलं आणि सुकलं. गडबडीत झाकलं नाही. तुमच्या धाग्यातलं आठवलं.

मांगराचा एक वासा वाळवीने गेलाय. तो बदलला की मग आत घेऊ. पॅलेटचा फोटो टाका, खालून वारा किती जातो बघायचं आहे.